उजेड माझ्या हातात होता

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास दोन हिवाळे मी सूर्याचं काम केलं. जिल्हा परिषदेचा पगार मिळायचा तो चौथीच्या वर्गाला शिकवण्याचा. सूर्याचं काम रविवारी असायचं आणि फुकट असायचं.

आमच्या गावाजवळ डोंगरात कोरलेलं एक जुनं लेणं आहे. नगरहून कल्याणच्या रस्त्यानं पारनेर तालुक्यातून गेलेल्यांनी तो डोंगर लांबून पाहिला असेल. पायऱ्या चढून गेलं की मोकळं अंगण, मग जाडजूड खांबांची रांग आणि त्यामागे अंधार. ऊन पहिल्या खांबापर्यंत यायचं आणि शाळेच्या पहिल्या दिवशी दारात अडलेल्या पोरासारखं तिथंच उभं राहायचं. आत भिंतीवर गंगा, यमुना, सात मातृका, दारावरचे दांडगे द्वारपाल अशी सगळी मंडळी होती, पण ती बघायची कशी? वीज नव्हती. टेंभा पेटवला तर मूर्तींवर काजळी धरायची. म्हणून आरसा.

एकानं अंगणात उन्हात आरसा धरून उभं राहायचं आणि उन्हाचा कवडसा आत मूर्तीवर पाडायचा. दुसऱ्यानं आत उभं राहून माहिती सांगायची. माहिती सांगायचे आमच्या शाळेतले थोरले गुरुजी. आरसा धरायचो मी, कारण शाळेत सगळ्यांत नवा मी होतो आणि गावात एकटाच खोली घेऊन राहत असल्यामुळे रविवारी मला दुसरं काम नसेल असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

नावं कुणाचीच लिहिणार नाही. माझंही नाही. पण घडलं ते सगळं लिहिणार आहे, कारण आता माझं वय सत्त्याहत्तर आहे आणि ही गोष्ट मागच्या महिन्यापर्यंत माझ्याशिवाय कुणाला पुरती ठाऊक नव्हती.

गुरुजी तेव्हा निवृत्तीला आले होते. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. लेण्याचं वेड त्यांना कुणी लावलं नव्हतं, ते आपोआप लागलं होतं. तीस वर्षं ते दर सुट्टीला वर जायचे, मूर्तींची मापं घ्यायचे, कुणाच्या पायाशी कोणतं वाहन आहे ते पाहून कोण मातृका कोणती ते ठरवायचे आणि पंडितांना पत्रं लिहून विचारायचे. पंडित उत्तरं द्यायचे नाहीत. मग गुरुजी स्वतःच पुन्हा वर जाऊन पाहायचे. त्यांची माहिती पाढ्यासारखी पक्की होती. आधी द्वारपाल, मग गंगा, मग यमुना, मग मातृका डावीकडून उजवीकडे. मूर्तीकडे पाठ आणि माणसांकडे तोंड करून ते उभे राहायचे. वर्गात फळ्याकडे पाठ करून उभं राहावं तसं.

आरसा काकूंचा होता. गुरुजींच्या पत्नी, त्यांना मी काकू म्हणायचो. लग्नात माहेराहून आलेल्या कपाटाचा तो आरसा गुरुजींनी चार स्क्रू काढून सोडवला होता. दर रविवारी मी तो धोतराच्या फडक्यात गुंडाळून नेऊ लागलो की काकू दारात यायच्या.

"चालला का माझा आरसा देवदर्शनाला?"

"संध्याकाळी आणतो, काकू."

"आणा हो. आठवड्यातून सहा दिवस तरी मला माझं तोंड बघू द्या. आणि मास्तर, फोडलात तर त्या गंगेलाच सून करून आणीन तुमच्या घरी. दगडाची बायको मिळेल, भांडणार नाही."

पहिला हिवाळा फार कष्टाचा गेला. कवडसा पाडणं दिसतं तितकं सोपं नाही. मनगट केसभर हललं तर आत कवडसा हातभर पळतो. सूर्यही एका जागी थांबत नाही, हे मी चौथीला शिकवत होतो, पण मला ते तिथं पटलं. आतून गुरुजींचा आवाज यायचा, "डावीकडे, मास्तर! अहो, तुमची डावी नव्हे, माझी डावी! वर! अजून वर! यमुनेचं कासव दाखवा, माझी टोपी नको!" पाहुणे हसायचे. मी घामानं थबथबलेला असायचो.

दुसऱ्या हिवाळ्यात गुरुजींचं ओरडणं कमी होत गेलं आणि दिवाळीनंतर बंदच झालं. मी एकदा वर जाताना विचारलं, "गुरुजी, हल्ली तुम्ही काही सांगत नाही."

"आता तुम्हाला सांगावं लागत नाही. हात बसला तुमचा."

मला इतका आनंद झाला की मी आईला पत्रात लिहिलं, वरिष्ठांनी माझं कौतुक केलं. कोणत्या कामाबद्दल ते लिहिलं नाही.

तसंच दुसरं. रविवारी मी गुरुजींकडे जेवायला असायचो. काकू ताट वाढताना म्हणायच्या, "मीठ वरच्या कोपऱ्यात, चटणी डाव्या हाताला, भाकरी पुढ्यातच आहे." मला वाटायचं, काय जिव्हाळा आहे! लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी बाई नवऱ्याला ताट समजावून देते. मी मनाशी ठरवलं होतं, बायको करायची तर अशीच.

त्या हिवाळ्यात एका रविवारी पुण्याहून चाळीसेक माणसांची सहल आली. एसटीची करारावरची लाल गाडी. सहल काढणाऱ्या बाई पुण्यात इतिहास शिकवायच्या, वर्षातून दोन-तीनदा अशी माणसं जमवून लेणी, किल्ले, मशिदी दाखवत फिरायच्या. आदल्या दिवशी नगरला राहून त्यांनी चांदबिबीचा महाल केला होता. सगळे अजून त्याबद्दलच बोलत होते, कारण एवढा डोंगर चढून गेल्यावर कळलं की तो महाल नव्हेच, निजामशाहीतल्या एका वजिराची कबर आहे. एक गृहस्थ पायऱ्यांवर धापा टाकत म्हणाले, "आज वर गेल्यावर हे लेणंसुद्धा लेणं नाही असं सांगू नका म्हणजे झालं."

या सहलीला महत्त्व होतं. बाई नगर जिल्ह्यातल्या जुन्या वास्तूंवर एक छोटं पुस्तक काढणार होत्या आणि आमच्या लेण्याची माहिती गुरुजींच्या नावानं त्यात छापायची असं पत्रानं ठरलं होतं. आज ऐकायचं आणि मग लिहून घ्यायचं. गुरुजींनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं होतं. चष्मा सापडत नाही म्हणाले होते. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणा जाणकारानं त्यांना उत्तर पाठवलं होतं.

मीही तयारीत होतो. नवा टेरिलीनचा शर्ट घातला होता, कारण सहलीत माझ्या वयाच्या तीन-चार मुली होत्या. अंगणात सगळे जमल्यावर गुरुजींनी माझी ओळख करून दिली.

"हे आमचे सूर्यनारायण. यांच्याशिवाय आत अंधार. बाहेर मात्र यांचा फारसा उपयोग नाही."

सगळे हसले. मुली जरा जास्तच हसल्या. मग सगळे आत गेले आणि मी एकटा उन्हात राहिलो, हातात काकूंचा आरसा आणि अंगात टेरिलीन. टेरिलीन उन्हात कसं लागतं हे ज्यांनी घातलं आहे त्यांनाच माहीत.

एकटा म्हणजे अगदीच एकटा नाही. एसटीचे ड्रायव्हर पायरीवर बसून तंबाखू मळत होते. श्रीगोंद्याकडचे, मिशीवाले, निवांत माणूस.

"मास्तर, ह्यो आरसा कवापास्नं धरताय?"

"दोन वर्षं."

"आन् आत बोलनारं म्हातारं?"

"तीस."

"म्हंजी अजून अठ्ठावीस वर्सं हाय तुमाला." तंबाखू ओठात ठेवून ते म्हणाले, "पोरी समद्या आत, तुमी भाईर. लई बेस काम हाय तुमचं."

 आतून गुरुजींचा आवाज येत होता. द्वारपाल झाले. मी कवडसा गंगेकडे न्यायला लागलो.

"मास्तर," ड्रायव्हर म्हणाले, "त्यो खांबावर पोटल्या बसलाय न्हवं, दोनी हातानं छत धरून? जरा त्याच्यावर टाका की. बघू म्हातारं काय म्हंतंय."

आता इथं मी सांगू शकलो असतो की माझा हात चुकून हलला. पन्नास वर्षं मी स्वतःलाही तसंच सांगत आलो. पण हात बसलेला होता, गुरुजींनीच तसं सांगितलं होतं. मी कवडसा गंगेवरून उचलला आणि खांबाच्या माथ्यावरच्या त्या ढेरपोट्या गणावर नेऊन ठेवला. मला वाटलं, गुरुजी ओरडतील, "अहो मास्तर!" आणि सगळे वळून अंगणाकडे पाहतील. मुलीसुद्धा. एवढंच हवं होतं.

आतून गुरुजींचा आवाज आला, "आता ही गंगा पाहा. काय नाजूक बांधा! कमरेला कसा हलकासा बाक दिलाय. जणू वाऱ्याची झुळूक आली तर मोडेल."

कवडशात ढेरपोट्याचं पोट चकाकत होतं. आधी एकजण खुदकन हसला, मग पाच-दहा. गुरुजींना वाटलं, आज माहिती रंगते आहे. त्यांनी आवाज चढवला. "हसताय काय? अशी कंबर आता पाहायला मिळते का कुठं? आमच्या घरी तर तीस वर्षांत मी पाहिली नाही!" चाळीस माणसं खो खो हसली. ड्रायव्हर गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "आयला, म्हातारं लई खमकं हाय!"

मी हसलो नाही.  गुरुजी ओरडले का नाहीत? त्यांच्यापासून दहा हातांवर कवडसा चुकला होता. आंधळ्यालाही दिसेल इतका.

तो शब्द मनात आला आणि मला मीठ, चटणी, भाकरी सगळं एकदम कळलं. चष्मा का सापडत नव्हता ते कळलं. वरिष्ठांनी माझं कौतुक का केलं तेही कळलं.

त्या क्षणी मी कवडसा गंगेवर परत आणला असता तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. एक विनोद झाला असता, गुरुजींनी तो पुढच्या सहलीला तिखटमीठ लावून सांगितला असता. पण मी परत आणला नाही. मला खात्री करून घ्यायची होती. पहिल्यांदा केली ती गंमत होती. दुसऱ्यांदा मी त्यांची परीक्षा घेतली, आणि तीही भर वर्गात.

आत उजव्या बाजूच्या कोऱ्या भिंतीवर कुणा पाहुण्यानं कोळशानं एक बदाम काढला होता, आरपार बाण गेलेला. मी कवडसा तिथं नेला.

"आणि ही यमुना," गुरुजी म्हणाले. "नीट निरखून पाहा. इतक्या शतकांपूर्वीचं काम, पण रेघ कशी जिवंत आहे! असा हात पुन्हा होणं नाही."

लेणं हसण्यानं दणाणलं. कुणीतरी शिट्टी मारली. डोंगर चढताना धापा टाकणारे गृहस्थ म्हणाले, "खरंच हो, बाणसुद्धा कसा ताजा आहे!" आणि मग ते हसणं एकदम कमी झालं, कारण बाई हसत नव्हत्या. त्या गुरुजींच्या अगदी जवळ गेल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहत होत्या.

"गुरुजी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आपण जरा बसू या का?"

 हसणं विनोदावरचं नव्हतं हे गुरुजींच्या ध्यानात आलं. त्यांनी अंगणाकडे तोंड केलं आणि हाक मारली, "मास्तर, उजेड कुठं आहे?"

तेवढ्यात मी कवडसा यमुनेवर आणून ठेवला होता. कासवावर, अगदी बरोबर. सगळ्यांनी पाहिला.

"जागेवर आहे, गुरुजी," मी म्हणालो.

हे माझं खोटं. तीन शब्दांचं.

गुरुजींनी हात मागे नेऊन भिंत चाचपली. मग टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. "माझाच क्रम चुकला असेल," ते म्हणाले. "वय झालं. माफ करा मंडळी." मातृका त्यांनी सांगितल्याच नाहीत. उतरताना मी हात धरायला गेलो तर म्हणाले, "आरसा सांभाळा. मी पायऱ्या मोजत उतरतो."

ड्रायव्हर खाली गाडीजवळ मला म्हणाले, "मास्तर, म्हाताऱ्याला दिसत न्हाई व्हय? तुमी मला आधी सांगायचं हुतं." त्यांचा चेहरा उतरला होता. मी म्हणालो, मलाही माहीत नव्हतं. ते खरं होतं, पण अर्धंच.

निघताना बाईंनी मला बाजूला घेतलं. "माहिती तुम्हीच लिहून पाठवा. दोन वर्षं ऐकताय, तुम्हाला येत असेल. गुरुजींना वाईट वाटू देऊ नका." मी हो म्हणालो. पंधरा दिवसांत सगळं लिहून पाठवलं. गुरुजींचे शब्द, गुरुजींची मापं. गंगेच्या कमरेचा बाकसुद्धा त्यांचाच. फक्त घरच्या कमरेबद्दलचं वाक्य गाळलं. पुढच्या वर्षी, दुष्काळात, आम्ही रेशनवरच्या मिलोच्या, त्या तांबड्या परदेशी ज्वारीच्या भाकरी खात असताना टपालानं पुस्तक आलं. आमच्या लेण्याच्या पानाखाली छापलं होतं, 'माहिती' आणि पुढं माझं नाव.

गुरुजींचा मोतीबिंदू पिकायची वाट पाहावी लागली होती, तेव्हा तशीच पद्धत होती. नगरला शस्त्रक्रिया झाली आणि बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागला. पहिलं पुस्तक त्यांनी वाचलं ते हे. मी समोर बसलो होतो. पानं डोळ्यांजवळ धरून त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"छान लिहिलंय. एकही चूक नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "मी आपला शोधत होतो, त्या दिवशी माझं नेमकं काय चुकलं. क्रम तर हाच आहे."

तेव्हाही मी सांगितलं नाही. काकू चहा घेऊन आल्या आणि मी चहा प्यालो.

चष्मा लागल्यावर त्यांना सगळं दिसत होतं, पण माहिती सांगायला ते पुन्हा उभे राहिले नाहीत. कुणी विचारत आलं की म्हणायचे, "मास्तरांना विचारा, त्यांचं नाव छापून आलंय." मग पुढची कित्येक वर्षं मीच सांगत राहिलो. आरसा धरायला दुसरे नवे मास्तर आले. मी मात्र त्या सगळ्यांना सारखा ओरडायचो आणि दर वाक्याला मागे वळून बघायचो. पाहुण्यांना वाटायचं, मूर्तींवर माझा किती जीव आहे.

गुरुजी गेले, काकू गेल्या. त्यांची एकुलती मुलगी कोल्हारला दिलेली, लेण्यातला तो रविवार झाला तेव्हा ती सासरीच होती. मागच्या महिन्यात मी एसटीनं कोल्हारला गेलो. ताई माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, पण गुडघे माझ्यासारखेच. मी पुस्तकाची माझी प्रत त्यांच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. शर्टाचंसुद्धा.

त्यांनी पुस्तक उघडून लेण्याचं पान काढलं. मग म्हणाल्या, "बाबा इथं यायचे ना, तर प्रवरेच्या घाटावर बसून सगळं लेणं म्हणायचे. द्वारपाल, गंगा, यमुना. मधेच थांबायचे. मला वाटायचं विसरले. म्हणजे चूक हुडकत होते व्हय?"

"हो."

"आणि चूक नव्हतीच."

"एका अक्षराचीही नव्हती."

"किती वर्षं बसले असतील हो तसे?" त्यांनी पदरानं चष्मा पुसला. मी हात जोडले, तर त्या एकदम उसळल्या. "हात काय जोडता? एवढं सांगायला पन्नास वर्षं लागली? एक पोस्टकार्ड टाकायचं! बाबांनी दोन शिव्या घातल्या असत्या आणि जेवायला बसवलं असतं."

"मला ते ठाऊक होतं, ताई. म्हणूनच जास्त लाज वाटत होती."

"आता मला सांगून काय उपयोग? मी तिथं हसले नव्हते. जे हसले त्यांना सांगा." त्यांनी उठून टेबलाच्या खणातून पेन आणलं आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "आणि हे आधी नीट करा."

मी माझं नाव खोडलं आणि गुरुजींचं लिहिलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "अक्षर तरी नीट काढा. मास्तर होता ना?" मी पुन्हा, नीट लिहिलं. मग म्हणाल्या, "बाकीच्या प्रतींचं काय?"

बाकीच्या प्रतींचं काय, तेच काम सध्या चालू आहे. जुनी पुस्तकं विकणारे, वाचनालयं, शाळांची कपाटं. आजवर चार सापडल्या. चौथी नगरच्या एका वाचनालयात होती. मी कोपऱ्यात बसून माझं नाव खोडत असताना तिथल्या बाई पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"आजोबा! पुस्तकावर लिहिताय? या वयात?"

मी त्यांना खाली बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण नियम तो नियम. "लिहायचंच असेल तर पेन्सिलीनं लिहा."

"पेन्सिल खोडता येते, बाई."

"तुम्ही शाईचं तरी खोडताच आहात की."

 मग मी त्यांना म्हटलं, मी सगळं सविस्तर लिहून आणतो, तुम्ही ते पुस्तकाला चिकटवा. त्या म्हणाल्या, छापून आलेलं असेल तर चिकटवू. हे त्यासाठीच लिहिलं आहे. त्या रविवारी लेण्यात जे हसले, त्यांच्यापैकी कुणी हयात असेल तर त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की गुरुजी गंगेला गंगा आणि यमुनेला यमुनाच म्हणत होते. चुकीच्या जागी होता तो माझा कवडसा. मातृका त्या दिवशी सांगायच्या राहिल्या. त्याही सातच्या सात त्यांना पाठ होत्या.